आठवणींचा पाठ शिकवताना 'मध्यवर्ती कल्पना' शेवटी घ्या

मागच्या महिन्यात नववीची वर्गचाचणी घेतली. उतारा मीच बसवला होता, आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी सांगितलेल्या आठवणीवरनं, म्हणजे गाईडमध्ये सापडायचा प्रश्नच नव्हता. मावशी सात-आठ वर्षांच्या असताना त्यांची आई भांगलायला जायची आणि यांना बांधावर लिंबाखाली बसवून जायची, सांभाळायला तान्हा भाऊ आणि खेळायला गोडेतेलाचा एक रिकामा डबा. डब्यात खडे घालून वाजवला की भाऊ रडायचा थांबायचा. कुठला खडा कसा वाजतो हे मावशींना अजून आठवतं, चुनखडीचा वेगळा आणि नदीतल्या गोट्याचा वेगळा. शेवटी तो डबा कुणीतरी पाणी तापवायला नेला आणि मावशी दोन दिवस रुसून बसल्या, एवढाच उतारा. खाली प्रश्न होता, हे वाचून तुम्हाला काय जाणवलं ते लिहा.

५८ पेपर होते. ४१ पोरांनी लिहिलं, 'लेखिकेने प्रतिकूल परिस्थितीवर जिद्दीने व चिकाटीने मात केली.' काहींनी पुढं 'यातून आपल्याला कष्टाचे महत्त्व समजते' असं पण जोडलं होतं. अक्षर छान, शुद्धलेखन बरोबर.

मी मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मात कसली गं, मला माझा डबा पाहिजे होता."

तेव्हापासनं हे डोक्यातनं जात नाहीये म्हणून लिहितेय. मी सतरा वर्षं मराठी शिकवते, सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, आणि मला वाटतं आपण लहानपणच्या आठवणींचे पाठ शिकवताना क्रमच उलटा लावलाय. आधी मध्यवर्ती कल्पना, मग शब्दार्थ, मग घटनाक्रम, आणि पोराचं स्वतःचं काही असलंच तर ते सगळ्यात शेवटी 'स्वमत' म्हणून दोन-चार मार्कांपुरतं. हे उलटं करायला पाहिजे. शब्द आधी, मग कोण सांगतंय आणि कुठल्या क्रमानं सांगतंय ते, मग वर्गातल्या पोरांच्या आठवणी, आणि मध्यवर्ती कल्पना सगळ्यात शेवटी, ती पण त्यांनी शोधलेली.

पोरांना दोष देता येत नाही. ती खोटं लिहीत नाहीत, त्यांना जे चालतं असं आम्ही शिकवलंय ते लिहितात. पाठ सुरू व्हायच्या आधीच आम्ही फळ्यावर नाव लिहितो, लेखकाचं नाव, आणि खाली 'विषय : मातृप्रेम' किंवा 'गरिबी व शिक्षणाची ओढ'. पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या आधी आम्ही लिहून द्यायच्या आराखड्यात, तसा रकानाच असतो, तो भरल्याशिवाय सही होत नाही. एकदा फळ्यावर मातृप्रेम लिहिलं की पोरगं तासभर पाठात मातृप्रेमच शोधत बसतं. पाठातला कुत्रा, पाठातलं उकिरड्यावर सापडलेलं चाक, आईनं विनाकारण दिलेली थोबाडीत, यातलं काही त्याला दिसतच नाही, कारण ते विषयात बसत नाही. आणि खरं सांगायचं तर आठवण म्हणजे तेच असतं जे विषयात बसत नाही आणि तरी पन्नास वर्षं डोक्यातनं जात नाही.

दहावीची पुस्तकं २०१८ ला बदलली, त्याच्या आसपास प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. हेतू चांगला होता हे मी मनापासून मान्य करते, घोकंपट्टी कमी व्हावी, पोरानं उतारा समजून उत्तर काढावं. चौकटी पूर्ण करा, ओघतक्ता करा, आकृती पूर्ण करा या कृतींचा फायदाही झालाय. ज्याला सलग चार ओळी लिहिता येत नाहीत असं पोरगं पण चौकटी भरून मार्क घेतं आणि पास होतं, त्या पोराच्या घरी तो आनंद मी बघितलाय. त्यामुळं चौकटी काढून टाका असं माझं म्हणणं नाही. पण स्वमताच्या प्रश्नाचीही आता चौकटच झालीय, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. गाईडात आणि अपेक्षित प्रश्नसंचात तयार वाक्यं असतात, क्लासवाले तीच देतात, आणि आम्ही पेपर तपासणारे पण तीच वाक्यं बघून झटकन मार्क देतो, कारण गठ्ठा मोठा असतो आणि मुदत कमी.

आता शब्दांचं सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथं होते.

मी सातवीत असताना 'माझे घर' असा निबंध होता. मी लिहिलं होतं की संध्याकाळी आई भाकरी करते आणि आज्जी कोरड्यास करते. तेव्हाच्या आमच्या बाईंनी कोरड्यास शब्दाला लाल गोल केला, वर 'भाजी' लिहिलं आणि वर्गात वाचून दाखवलं, सगळी हसली. घरी येऊन मी आज्जीला सांगितलं की कोरड्यास म्हणायचं नसतं. आज्जीनं काही विचारलं नाही, पण त्यानंतर माझ्या मैत्रिणी घरी आल्या की ती मुद्दाम 'भाजी' म्हणायची, जरा अडखळत. मला आज त्या गोष्टीचं जेवढं वाईट वाटतं तेवढं त्या हसण्याचं वाटत नाही.

आणि दोन-तीन वर्षांनी वरच्या वर्गात पाठाला एक ग्रामीण आत्मकथन आलं. त्यात कोरड्यास होतं, कण्या होत्या, माडगं होतं. खाली टिपेत अर्थ दिलेला, आणि प्रश्न आला 'लेखकाच्या भाषेतील बोलीचा गोडवा स्पष्ट करा.' म्हणजे छापून आलं की गोडवा आणि पोराच्या वहीत आलं की चूक. हा अन्याय मी अजून रोज बघते, माझ्या हातनं पण होतो, लाल पेन हातात असलं की हात आपोआप जातो. सध्या मी एवढंच करते की आठवणीच्या लिखाणात पहिल्या वाचनाला लाल पेन घेतच नाही. र्‍हस्व-दीर्घ नंतर, वेगळ्या कागदावर. 'म्या' लिहिलं असेल तर 'म्या' राहतं.

शब्दार्थांची रीत बघा. पाठात मोट आली, खाली टीप, 'विहिरीतून पाणी काढण्याचे साधन'. पोरगं पाठ करतं, लिहितं, एक मार्क. पण आमच्या तासगाव-पलूसकडच्या निम्म्या पोरांच्या घरी मोट मारलेला आजा होता किंवा अजून आहे. मागं मी टीप वाचू दिली नाही, म्हणाले घरी जाऊन विचारून या, मोट म्हणजे काय आणि मोटेचे किती शब्द आहेत. दुसऱ्या दिवशी तास पुरला नाही. नाडा आला, धाव आली म्हणजे बैल ज्या उतारावरनं खाली जातात ती, थारोळं आलं जिथं पाणी पडतं ते. एकानं आजोबांनी म्हटलेलं मोटेवरचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलं, आजोबांचा आवाज थरथरतोय आणि मागं टीव्ही चालू आहे. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आज्जा म्हणला बैल मागं मागं चालायला शिकवायलाच वरीस जायचं." हे कुठल्या शब्दार्थात येणार? बैलानं उलट पावली धाव चढायची हे एकदा डोळ्यापुढं आलं की मग पाठातलं पोरगं पहाटे चार वाजता मोटेवर का पेंगतंय, बाप का चिडतोय, शाळा का बुडतेय, हे सगळं आपोआप कळतं. गरिबी आणि शिक्षणाची ओढ फळ्यावर लिहायची गरजच उरत नाही.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांचं काय, असं मला एका ताईंनी विचारलं होतं, त्यांचा मुलगा सांगलीत मोठ्या शाळेत आहे. रास्त प्रश्न आहे. पण शब्द फक्त शेताचे नसतात. वखारभागात वाढलेल्या पोराकडं हळदीचे शब्द असतील, पेठेतल्या पोराकडं अडतीचे, रेल्वे क्वार्टरमधल्या पोराकडं वेगळे. विटा-खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यानं देशभर पांगलेली आहेत, सोनंचांदी गाळायचं काम, कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत. त्यांची पोरं कधी आठवी-नववीला गावी परत येतात. अशा एका पोराला मराठीत लिहायला अवघड जायचं, गप्प बसायचा. त्याला म्हणाले, तिथल्या दुकानाचं लिही, शब्द येत नसेल तर तिथला घाल. त्यानं मूस, भट्टी, तेजाब असं सगळं लिहिलं आणि मधेच एक तमिळ शब्द देवनागरीत, आणि पुढं लिहिलं, 'याला मराठीत काय म्हणतात माझ्या वडिलांना पण माहीत नाही.' मला ते वाक्य त्या सत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य वाटलं.

आता कथानक. आठवणीला कथानक नसतं असं लोक म्हणतात आणि तरी परीक्षेत घटनाक्रम विचारतात. मला वाटतं कथानक असतं, पण ते घटनांच्या क्रमात नसतं, कशाला किती जागा दिलीय यात असतं. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच भागातलं आहे.

७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्यात राजवाड्यातल्या शाळेत, म्हणजे पुढं जी प्रतापसिंह हायस्कूल झाली तिथं, भीमराव आंबेडकरांचं नाव घातलं. २०१७ पासून तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. बहुतेक शाळांत त्या दिवशी भाषणं होतात. मी त्या दिवशी नववीला बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेली एक आठवण वाचून दाखवते, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधली पहिली. मूळ इंग्रजीत आहे, १९३५-३६ च्या सुमाराला लिहिलेली, पुस्तिका म्हणून १९९० ला छापली गेली, अमेरिकेत ते जिथं शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात ती अभ्यासाला आहे. साधारण १९०१ सालची गोष्ट. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर, तिथं तळं खोदायचं काम चाललेलं. आई वारलेली. वडिलांनी सुट्टीला बोलावलं म्हणून हा नऊ वर्षांचा मुलगा, मोठा भाऊ आणि बहिणीची पोरं साताऱ्याहून निघाली, रेल्वेनं मसूरला उतरली. मसूर म्हणजे आमच्या पोरांना माहीत असलेलं स्टेशन, किर्लोस्करवाडीला पुण्याच्या गाडीत बसलं की कराड सोडल्यावर थोड्या वेळात येतं ते.

ओघतक्ता करायचा तर सोपा आहे. पत्र आलं, तयारी केली, रेल्वेनं गेले, घ्यायला कुणी आलं नाही, स्टेशन मास्तरनं जात विचारली, बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात, दुप्पट भाड्यावर एक तयार झाला पण गाडी तुम्हीच हाका म्हणाला, रात्री टोलनाक्यावर पाणी मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी पोचले. पूर्ण मार्क.

पण बाबासाहेबांनी ते असं सांगितलेलं नाही. आधी ते कपड्यांबद्दल लिहितात. नवीन शर्ट, चमचमत्या टोप्या, नवीन बूट, रेशीमकाठी धोतरं. आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसायचं. पोरं किती खुशीत होती ते नीट, सावकाश सांगितलंय. आणि हे कपडे इतके चांगले होते की स्टेशन मास्तरला ही ब्राह्मणाची पोरं वाटली, त्याला त्यांची दया आली, तो विचारपूस करायला लागला. मग कोण तुम्ही विचारल्यावर पोरानं पटकन खरं सांगून टाकलं, आणि त्या माणसाचा चेहरा बदलला.

वर्गात मी इथं थांबते आणि विचारते, लिहिणारा माणूस चाळिशी ओलांडलेला आहे, बॅरिस्टर आहे, त्याला पुढं काय होणार ते माहीत आहे. मग टोप्यांबद्दल एवढं का लिहिलं? पहिल्या वर्षी मला वाटलं कुणी बोलणार नाही. एक मुलगा म्हणाला, "त्या पोराला माहीत नव्हतं ना मॅडम." एवढंच. पण यात सगळं आलं. तेव्हाचा मी आणि लिहितानाचा मी हे दोघं वेगळे असतात, आणि मोठ्यानं लहानाला मधे टोकलेलं नाही, त्याला टोपी घालून खुशीत स्टेशनपर्यंत जाऊ दिलंय. लहानपणच्या आठवणींचं तंत्र शिकवायचं तर हे शिकवायला पाहिजे, आणि हे नववीच्या पोराला कळतं, त्याला अवघड शब्द लागत नाहीत.

मग पाणी. पोरांजवळ जेवण भरपूर होतं, पाणी नव्हतं, म्हणून ती न जेवता झोपली. वर्गात एक मुलगा होता जत तालुक्यातला, मामाकडं राहून शिकणारा. तो म्हणाला, "पाणी नसलं की भूक पण लागत न्हाई, आमच्याकडं टँकर यायचा नसला की आई भात टाकत नव्हती." सगळी गप्प. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी वळून त्याला म्हणाली, "पण तुमच्याकडं पाणी नव्हतंच. त्यांच्याकडं होतं, दिलं नाही." मी त्या दिवशी फळ्यावर काहीही लिहिलं नव्हतं. मध्यवर्ती कल्पना त्या दोघांनी मिळून वर्गात आणली, तासाच्या पस्तिसाव्या मिनिटाला.

याच तासाला एक दुसरी गोष्ट पण झाली आणि ती लपवून हा लेख पुरा होणार नाही. जातीचं नाव आल्यावर तीन-चार माना मागच्या बाकाकडं वळल्या. तिथं एक मुलगा खाली बघत बसला होता. आधीच्या वर्षांत मी अशा वेळी काय केलं असेल ते आठवून मला त्रास होतो, मी बहुतेक आणखी प्रेमानं बोलले असेन आणि त्यामुळं त्याच्याकडं आणखी लोकांनी बघितलं असेल. आता मी प्रश्न फिरवते. सोसणाऱ्या पोराला काय वाटलं असेल असं विचारतच नाही. मी विचारते, तो गाडीवान दुप्पट पैसे घेऊन गाडीच्या बाजूनं पायी का चालत होता? स्टेशन मास्तर घरी गेल्यावर बायकोला काय म्हणाला असेल? टोलनाक्यावरच्या माणसाकडं पाणी किती होतं? पाणी न देणाऱ्याला प्रश्न विचारायला लागलं की वर्गातल्या सगळ्यांना आपापल्या घराकडं बघावं लागतं आणि मागच्या बाकावरचा मुलगा त्या तासापुरता तरी उदाहरण व्हायचा थांबतो. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही, त्या मुलाची मान बघून कळलं.

काही शिक्षक अशा आठवणी टाळतात, वर्गात भांडणं नकोत, पालक येतात. मला त्यांची भीती कळते. पण टाळण्यापेक्षाही मला जास्त नुकसानीचं वाटतं ते म्हणजे अशी आठवण घ्यायची आणि तिचं सार 'जिद्दीने मात' असं लिहून मोकळं व्हायचं. फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' हे आत्मकथन १९८० ला आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या घरातलं पोरगं शाळेत जातं. त्याचं सार जिद्द असं काढलं की त्या पोराला गावानं कुठं बसवलं, कुणी हाकललं, हे सगळं सामानासारखं बाजूला पडतं आणि एकटा हिरो उरतो.

आणि याचा परिणाम पुस्तकापुरता राहत नाही. आमच्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडतात. त्यातली काही पोरं आमच्या शाळेत चार महिने बसतात, काही येतच नाहीत, लहान भावंडं सांभाळतात, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे गोळा करतात. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जातात. अशी एक मुलगी माझ्याकडं होती, वाचन फार छान, मार्चच्या आत गेली आणि पुढं तिचं लग्न झाल्याचं कळलं. आता मी वर्गात म्हणाले की अमुक लेखक जिद्दीनं शिकला, तर ऐकणाऱ्या पोरांनी त्या मुलीबद्दल काय समजायचं, तिला जिद्द नव्हती? जिद्द पुरत नाही हे आमच्याच जिल्ह्यांच्या इतिहासात लिहिलेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे अण्णांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातीची पोरं एकत्र जेवायची. आणि पोरांना घालायला धान्य नव्हतं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या पोरांच्यात जिद्द होतीच, पण त्यांना कुणीतरी रोज जेवायला घातलं म्हणून ती शिकली. मग आठवणीच्या पाठावर एक प्रश्न असा का नसावा, की या पोराला कुणी कुणी काय काय दिलं आणि कुणी काय नाकारलं? जिद्दीच्या उत्तरापेक्षा याचं उत्तर जास्त खरं येईल.

आमचेच एक सर म्हणतात, मॅडम हे सगळं बरोबर आहे पण पोर्शन कोण संपवणार, वर्गात साठ पोरं, त्यात मतदार यादीचं बीएलओचं काम, ऑनलाइन माहित्या, आणि पालकाला मार्क पाहिजेत. ते चुकीचं काही बोलत नाहीत. मी एका पाठाला चार तास दिले की दुसऱ्या पाठाला एकच उरतो. पण मी गेली तीन वर्षं बघतेय, एक आठवण नीट झाली की पुढच्या गद्य पाठांना पोरं स्वतः प्रश्न काढतात, तिथं वेळ वाचतो. आणि मार्कांचं म्हणाल तर चौकटी आणि ओघतक्ता हे नीट वाचलेल्या पोराला जास्तच सोपे जातात. स्वमतात मार्क जातात ते वेगळं लिहिणाऱ्याचे, आणि ते जातात तपासणाऱ्यामुळं. ते आमच्या हातात आहे.

राहिली पोरांची स्वतःची आठवण. पाठ संपला की मी एक पान लिहायला सांगते, विषय देत नाही, फक्त एवढंच, की सहा-सात वर्षांचा असतानाची एक गोष्ट, जी तू अजून विसरला नाहीस. दोन नियम पक्के. कुणाला वाचून दाखवायची सक्ती नाही. आणि ज्या पानावर कोपऱ्यात फुली असेल ते फक्त मी वाचायचं आणि त्यावर वर्गात कधी बोलायचं नाही. हे नियम नसतील तर हा उपक्रम करूच नये, घरातलं काहीही बाहेर येतं, दारू येते, मारहाण येते. एकदा एका पानामुळं मला एका मुलीच्या मावशीला शाळेत बोलवावं लागलं. त्याची तयारी शिक्षकाची पाहिजे.

आत्ता नववी-दहावीत असलेली पोरं २०१९ च्या पुरावेळी लहान होती. ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट, आणि आमच्या नदीकाठच्या गावांत काय झालं ते इथं कुणाला सांगायला नको. दरवर्षी बरीच पानं पुराची येतात. पेपरात, टीव्हीवर, सरकारी अहवालात पूर आला, पण या पानांत जे येतं ते तिथं कुठं नाही. एका मुलीनं लिहिलंय की म्हशीचं दावं सोडलं तेव्हा म्हैस गेलीच नाही, दारात उभी राहिली, पप्पांनी तिला शिव्या दिल्या, 'पप्पा म्हशीला पहिल्यांदाच शिव्या देत होते आणि रडत होते.' एकानं लिहिलंय की छावणीत रोज शिरा मिळायचा, त्याला शिरा फार आवडायचा, आणि घरी परत जायचं ठरलं तेव्हा त्याला थोडं वाईट वाटलं होतं, ते त्यानं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्या पानाच्या कोपऱ्यात फुली होती. नंतर त्यानंच येऊन ती खोडली आणि म्हणाला चालेल मॅडम.

आता या शिऱ्याची मध्यवर्ती कल्पना काय लिहायची? लहान पोराचं सुख आणि गावाचं दुःख एकाच ताटात. हे त्याला आत्ता, पंधराव्या वर्षी, लिहिताना कळलं, आणि हे कळल्यावर तो पुस्तकातला पाठ पुन्हा वाचायला लागला तेव्हा त्यानं विचारलं, लेखकानं पण काहीतरी लाजून लपवलं असेल का? मला वाटतं तो प्रश्न ज्या वर्गात आला तिथं पाठ शिकवून झाला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला आलं, त्यानुसार पुस्तकं खालच्या वर्गांपासून बदलायला लागलीत, नववी-दहावीचीही बदलतील. बालभारतीच्या अभ्यास मंडळात जे कुणी असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवणींच्या पाठांवर प्रस्तावनेच्या चौकटीत 'या पाठातून लेखकाची जिद्द दिसते' असं आधीच छापू नका, पोरांना आधी पाठ वाचू दे. बोलीतल्या शब्दांचे अर्थ पाठाखाली न देता शेवटी द्या, आणि वर एक ओळ द्या की घरात विचारा. अंतर्गत मूल्यमापनाचे जे २० मार्क शाळेकडं असतात त्यातले पाच पोराच्या स्वतःच्या एका पानाला ठेवा, बोलीसकट. आणि बोर्डाच्या तपासणीच्या सूचनांत एवढं स्पष्ट लिहा की आठवणीवरच्या स्वमतात उताऱ्यातला एकतरी बारीक तपशील आलेला असेल तरच पूर्ण मार्क, मग भाषा कशीही असो.

त्या ५८ पेपरांतली उरलेली सतरा पोरं पण सांगायची राहिली. त्यातल्या बऱ्याच जणांनी प्रश्न सोडूनच दिला होता. तिघांनी खड्यांच्या आवाजाबद्दल लिहिलं होतं. एकानं फक्त दीड ओळ लिहिली होती, डबा नेणाऱ्यानं तिला विचारायला पाहिजे होतं म्हणून, आणि 'विचारायला' चा 'वि' दीर्घ काढला होता. मी त्याला पैकीच्या पैकी दिले.